इंदूरमध्ये राहून जनसंपर्क क्षेत्रात जायचे असेल, तर इंटर्नशिपचा कितपत उपयोग होतो?

आपण इंदूरमध्ये पत्रकारितेच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, एका जनसंपर्क एजन्सीने आपल्याला सहा महिन्यांची, पूर्ण वेळेची आणि विनामानधन इंटर्नशिप देऊ केली आहे, आणि ती घ्यावी का व पुढे नोकरीसाठी मुंबई गाठावीच लागेल का, असे आपण विचारले आहे. मी इथल्याच एका रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागात आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नची निवड माझ्याकडे असते, म्हणून निवडणाऱ्याच्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

माझे मत थोडे उलटे वाटेल. जनसंपर्कात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिली इंटर्नशिप एजन्सीत न करता वर्तमानपत्राच्या शहर आवृत्तीत करावी. एजन्सीत आपण प्रेस नोट लिहायला शिकाल, पण ती कशामुळे टाकून दिली जाते हे वर्तमानपत्राच्या डेस्कवरच कळते. पहिला परिच्छेद प्रमुख पाहुण्यांच्या नावांनीच भरलेला असतो, छायाचित्रातील माणसांची नावे दिलेली नसतात, मजकुरात कार्यक्रमाची तारीखच नसते, किंवा सगळे नीट असूनही नोट पान लागल्यानंतर, म्हणजे ते छपाईसाठी तयार झाल्यावर, येऊन पडते. संध्याकाळी घाईत असलेल्या उपसंपादकाला ‘आमची नोट मिळाली का?’ असा फोन आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते एकदा जवळून पाहिलेला मुलगा पुढे तसा फोन त्या वेळी करत नाही. याबाबतीत आपले शहर भाग्यवान आहे. १९४७ मध्ये ‘नईदुनिया’ येथूनच सुरू झाले आणि मराठी घरातून आलेल्या राहुल बारपुते यांनी त्याच्या संपादकपदावरून हिंदी पत्रकारांची एक पिढी घडवली. आजही अनेक दैनिकांच्या आवृत्त्या इथून निघतात, त्यामुळे शिकण्यासाठी गाव सोडावे लागत नाही.

आता आपल्याला आलेल्या प्रस्तावाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदवीच्या विद्यार्थ्यासाठी इंटर्नशिपची जी अपेक्षा आहे, ती साधारण ६० ते १२० तासांची आहे. त्या तुलनेत सहा महिने दिवसभर फुकट राबवून घेणे याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत सुरुवातीला दरमहा ५,००० रुपये ठरले होते खरे, परंतु पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना ती तेव्हा लागू नव्हती. तिचा विचार पदवीनंतर करावा. एजन्सीला आपण स्पष्ट विचारा की, माझा मजकूर कोण तपासणार, आणि ग्राहकाबरोबरच्या बैठकीत मला बसू देणार का. तपासणाऱ्याचे नाव सांगता आले नाही, तर आपले दिवस बहुधा कात्रणे चिकटवण्यात आणि छापून आलेल्या बातमीचे सेंटिमीटर मोजून त्यांना जाहिरातीच्या दराने गुणण्यात जातील. ही गुणाकाराची पद्धत जनसंपर्काचे मूल्य दाखवत नाही, हे या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१० मध्येच बार्सिलोना येथे जाहीर केले. तरीही त्या हिशेबाचा तक्ता मागणारे ग्राहक आहेत आणि तो भरायला इंटर्न लागतात. शिवाय शहरात जनसंपर्काच्या नावाखाली पैसे देऊन बातमीसारखा मजकूर छापून आणण्याचा उद्योगही चालतो. आपल्यासमोरची एजन्सी त्यातली निघाली, तर तिथे शिकण्यासारखे काही नाही.

आमच्याकडे अर्ज येतात तेव्हा प्रमाणपत्रांकडे मी फारसे पाहत नाही. उमेदवाराने लिहिलेली एखादी नोट, तिच्यावर कोणी केलेल्या दुरुस्त्या आणि शेवटी छापून आलेला मजकूर, हे तिन्ही कागद एकत्र ठेवून आणणारा मुलगा विरळा, पण तो आला की बाकीचे विचारायची गरज पडत नाही. रुग्णालयात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि रुग्णाचे नाव किंवा छायाचित्र त्याच्या संमतीवाचून बाहेर जाता कामा नये. त्यामुळे काय लिहू नये याचे भान असलेला उमेदवार मला सफाईने लिहिणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो. मुलाखतीत मी एखाद्या शस्त्रक्रियेची माहिती देतो आणि नोट लिहायला सांगतो. ‘रुग्णाची संमती घेतली आहे का?’ असा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

मुंबईविषयी बोलायचे, तर मोठ्या एजन्सींची मुख्य कार्यालये मुंबई, दिल्ली, बंगळुरू येथेच आहेत आणि तिथे एक-दोन वर्षे काढल्याने वेग येतो हे खरे. मात्र इंदूरच्या मराठी मुलाजवळ एक भांडवल असते, ज्याकडे तो स्वतःच दुर्लक्ष करतो. एकच नोट भोपाळसाठी हिंदीत आणि नाशिक-नागपूरसाठी मराठीत लिहू शकणारा माणूस एजन्सीला सहज मिळत नाही. अडचण इतकीच की आपली मराठी बहुतेक घरात बोलण्यापुरती असते, शिक्षण हिंदी-इंग्रजीत झालेले असते आणि लिहायला बसल्यावर वाक्य हिंदीच्या वळणाने जाते. रोज एखादे मराठी दैनिक वाचून त्यातील एक बातमी हिंदीत आणि हिंदीतील एक मराठीत स्वतःच्या शब्दांत लिहीत गेल्यास वर्षभरात फरक पडतो. राज्य सरकारच्या जनसंपर्क विभागात जायचे मनात असेल, तर तो मार्ग स्पर्धा परीक्षेचा आहे. इंटर्नशिपने तिथे कामाची ओळख होईल, नेमणूक होणार नाही.

म्हणून आपल्या जागी मी असतो, तर एजन्सीला सहा महिन्यांऐवजी उन्हाळी सुटीतले दोन महिने देऊ केले असते, निदान येण्याजाण्याचा खर्च मागितला असता, आणि त्यांनी नकार दिला तर दुसऱ्या दिवशी एखाद्या दैनिकाच्या शहर-संपादकांना भेटायला गेलो असतो. दुपारी बारानंतर आणि चारच्या आत जावे. त्या वेळेत ते थोडे बोलायच्या मनःस्थितीत असतात.