जुन्या रॉयल एनफिल्ड हिमालयन बाईकला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायचा स्विच बसवता येतो का?

येतो की भावा. तुझी अडचण कळली: साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मुरमाड रस्त्यानं उतरताना मागचा ब्रेक दाबला की पेडल नुसतं धडधडतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही, कारण खडीवर चाक जरा लॉक व्हायला लागलं की एबीएस लगेच प्रेशर सोडतं. 2020 च्या बीएस6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) हिमालयनला कंपनीनंच बटण दिलं, पण ते फक्त मागच्या चाकाचं. तुझ्या आधीच्या नियमांच्या बीएस4 गाडीला एबीएसच्या सप्लायमध्ये स्विच टाकलास तर पुढचं-मागचं दोन्ही जाणार, हा खरा घोळ आहे.

एबीएस युनिटला इग्निशनवरनं जो फ्यूज जातो त्या वायरीत वॉटरप्रूफ स्विच घालायचा, सेन्सरच्या वायरी कापत बसू नको. मीटरवर दिवा लागून राहील, साधे ब्रेक चालतात. बटण गाडी उभी असतानाच दाब, परत चालू केल्यावर किल्ली बंद-चालू कर आणि थोडं पुढं जाऊन दिवा विझतोय का बघ. पावसात यवतेश्वरचा घाट उतरताना मात्र चालूच पाहिजे, ओल्या डांबरावर पुढचं चाक लॉक झालं की विषय संपला. आणि हो, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले असल्या वायरिंगवर बोट ठेवू शकतात.