बीगल खरंच ससा पकडतो का? पानगळीतल्या शिकारीत तो नेमकं काय करतो?

तुम्ही विचारलंय की तुमचा दोन वर्षांचा बीगल पुण्यात टेकडीवर सुटला की नाक जमिनीला लावून गायब होतो, हाका मारल्या तरी ढुंकून बघत नाही. लोक सांगतात हा सशाच्या शिकारीचा कुत्रा. मग तिकडे ही शिकार पानगळीच्या शेवटाला का, आणि एवढ्या आखूड पायांवर हा ससा पकडतो तरी कसा?

पकडत नाही. मीही डोक्यात हाच प्रश्न घेऊन पहिल्यांदा रानात गेलो होतो. मी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात राहतो, चौदा वर्षं झाली. शेजारच्या म्हाताऱ्याकडे दोन बीगल आहेत, डेझी आणि बक. गेली पाच वर्षं दर नोव्हेंबरात मी त्या तिघांबरोबर जातो. पहिली दोन वर्षं नुसता बघ्या म्हणून. मग इथला शिकारीचा अभ्यासक्रम पुरा केला, कारण नवख्याला त्याशिवाय परवाना मिळत नाही. तीन हंगामांत माझ्या नावावर चार ससे आहेत. माझी नेमबाजी काय दर्जाची, ते यावरून ओळखा.

आपल्याकडे सशामागचा कुत्रा म्हटलं की डोळ्यांपुढे कारवान येतो. माझे आजोबा जत तालुक्यातले, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सगळ्या कारवानच्या. उघडा माळ, ससा उठला, कुत्र्याने पाहिला, सुटला. मिनिटाभरात काय तो निकाल. तो कुत्रा डोळ्यांनी शिकार करतो आणि पायांनी जिंकतो. बीगलचं सगळं उलटं आहे. त्याच्यापुढून ससा गेलेला त्याला दिसतही नाही कधी कधी. मी स्वतः पाहिलंय, ससा डावीकडे पळतोय, लख्ख उजेडात, आणि बक मात्र दहा हातांवर उजवीकडे, ससा मघाशी जिथून गेला तिथलं गवत हुंगत अगदी मन लावून चाललाय.

आणि हा हळूपणाच मुद्दाम जपलेला आहे. अमेरिकेत बीगलच्या दोन उंच्या धरतात, एक 13 इंचांपर्यंतची आणि दुसरी 13 ते 15 इंचांची. त्याहून उंच असला तर प्रदर्शनातून बाद. इथला रानातला ससा म्हणजे कॉटनटेल, शेपटीखाली कापसाचा बोळा चिकटवल्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. वजन किलोच्या आसपास. त्याचं सगळं आयुष्य काही एकरांत जातं. तेवढ्या जागेतली प्रत्येक जाळी, बांध, पडलेलं झाड त्याला पाठ असतं, म्हणून मागे कुत्रा लागला तरी ते सोडून लांब पळायची त्याची तयारी नसते. कुत्रा हळू असेल तर ससाही जिवाच्या आकांताने पळत नाही. थोडं पळतो, थांबतो, ऐकतो, पुन्हा चार उड्या मारतो, आणि असं करत करत मोठा वळसा घेऊन जिथून उठला तिथेच परत येतो. कुत्रा वेगवान असला तर हाच ससा घाबरून ग्राउंडहॉगच्या, म्हणजे इथल्या एका बीळ खोदणाऱ्या प्राण्याच्या, बिळात शिरतो. एकदा बिळात गेला की खेळ संपला. म्हणून म्हातारा म्हणतो, वेगवान बीगल हा फुकट पोसलेला बीगल.

थोडक्यात, बीगल म्हणजे आपल्या जुन्या शिकारकथांतले हाकारे असतात ना, रान उठवणारे, तो. ससा तुमच्याकडे वळवून आणणं एवढंच त्याचं काम. पुढचं तुमचं. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ ही म्हण मला तिथे उभं राहून दर वेळी आठवते आणि जरा लाजही वाटते, कारण सगळी मेहनत कुत्र्यांची आणि फोटो माझा.

आता ‘ससा’ या शब्दाचा घोटाळा. मराठीत एकच शब्द असल्यामुळे आपण दोन वेगळे प्राणी एकाच खात्यात टाकतो. आपल्या माळावरचा लांब कानांचा, काळ्या मानेचा ससा म्हणजे इंग्रजीतला ‘हेअर’. मंडईत पिंजऱ्यात विकायला असतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा, तो ‘रॅबिट’. हेअरची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, रॅबिटची उघडीवाघडी आणि आंधळी. कॉटनटेल हा रॅबिट. इथे उत्तरेकडच्या डोंगरात हेअरही आहे, स्नोशू नावाचा. हिवाळ्यात तो पांढरा होतो आणि त्याच्या पायांचे तळवे बर्फात रुतू नयेत एवढे पसरट असतात. त्याचा वळसा प्रचंड. कुत्र्यांचा आवाज ऐकू येईनासा होतो, पंधरा-वीस मिनिटं नुसती शांतता, आणि मग लांबून परत. तो आमच्या राज्यात विरळ झालाय, त्यामुळे त्याचा हंगाम नाताळनंतर जेमतेम आठवडाभराचा आणि माणशी दिवसाला एकच. कॉटनटेल मात्र दिवसाला चार.

शिकार पानगळीच्या शेवटाला का, हेही तुम्ही विचारलंय. हंगाम तसा ऑक्टोबरच्या मध्यालाच उघडतो. पण तेव्हा झाडांवर पानं असतात, काही दिसत नाही, आणि खाली पडलेली पानं कुरकुरीत कोरडी. कोरड्या जमिनीवर वास टिकत नाही. बकचे तेव्हा फार हाल होतात, दहा पावलं माग लागतो आणि सुटतो, लागतो आणि सुटतो. नोव्हेंबरात पाऊस होऊन गेलेला असतो, पानं ओली होऊन जमिनीला चिकटलेली असतात, पहाटे गवतावर पांढरं हिम असतं आणि नऊच्या सुमाराला ते वितळायला लागतं. ती वेळ सगळ्यात चांगली. वारा नको, ऊन फार नको, गारठा हवा. मग नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या पाठोपाठ हरणांचा बंदुकीचा हंगाम लागतो आणि ससेवाले दोनेक आठवडे घरी बसतात. त्यामुळे नोव्हेंबरचे ते दोन-तीन आठवडे म्हाताऱ्यासाठी दिवाळीच.

गेल्या वर्षीची एक सकाळ सांगतो. जुनी सफरचंदाची बाग, कित्येक वर्षांत कोणी न छाटलेली, खाली रानगुलाबाच्या आणि ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या. आपल्याकडच्या करवंदीच्या जाळ्या डोळ्यांपुढे आणा. डेझी त्यात शिरते तेव्हा फक्त तिच्या शेपटीचं पांढरं टोक दिसतं, इकडून तिकडे हलणारं. आधी सावकाश हलतं. मग जोरात. मग इतकं जोरात की काट्यांवर आपटून आपटून त्या टोकातून रक्त यायला लागतं. घरी परतताना तिची शेपटी लाल असते आणि गाडीच्या काचेवर त्याचे फटकारे उमटतात. म्हातारा म्हणाला, “आहे.” एवढंच. तेवढ्यात बकने सूर लावला.

हे भुंकणं नसतं. दारावर कुरिअरवाला आल्यावर तुमचा जो ओरडतो ते वेगळं. मागावरचा बीगल गातो. बकचा आवाज लांबलचक, खालून वर जाणारा. डेझीचा तुटक, सुरी पाटावर चालावी तसा. ससा वळला, पुढे गेला, पाण्यात शिरला, थांबला, सगळं म्हातारा आवाजावरून सांगतो. दोघं एकदम गप्प झाले की समजायचं, माग सुटला. मग नाकं खाली घालून ते गोल गोल फिरतात. डेझी सावध आहे, शेवटच्या खुणेपासून थोडंथोडं वाढवत वर्तुळ काढते. बक उतावळा, एकदम पुढे धावतो आणि चुकतो. डेझीला माग सापडला की ती एकदाच बोलते, आणि बक धावत येऊन तिच्या आवाजात आवाज मिसळतो. तिच्यावर विश्वास आहे त्याचा. माझ्यावर नाही.

आपण फक्त उभं राहायचं. ससा उठला त्या जागेच्या जवळपास, जिथून दोन्ही बाजूंना मोकळं दिसेल असं, आणि हलायचं नाही. कुत्र्यांच्या मागे धावणं ही नवख्याची खूण. त्या दिवशी कुत्रे दूर ओढ्यापलीकडे होते, आवाज अगदी बारीक, आणि मी मनात म्हणत होतो की गेला हा. आणि बघतो तर मक्याच्या धसकटांच्या कडेला ससा. मागे वळून पाहत नव्हता, फक्त एक कान मागे केलेला. पुढचा एक पाय अर्धवट उचललेला. नाक सारखं हलतंय. कुत्रे अजून दीड-दोन मिनिटं मागे होते आणि त्याला ते नेमकं ठाऊक होतं. ससेहोलपट हा शब्द आपण रेशनच्या रांगेपासून बदल्यांपर्यंत कशालाही वापरतो. मी तिथे खरी पाहिली, आणि तो ससा माझ्यापेक्षा शांत होता. (ससेमिरा मात्र सशाचा नाही बरं का. तो विक्रमाच्या बत्तीशीतल्या वेड्या राजपुत्राच्या ‘स-से-मि-रा’ या चार अक्षरांवरून आलाय.) बंदूक माझ्या खांद्याला होती. तो गेल्यावर मला ती आठवली. म्हातारा पलीकडून ओरडला, “अरे, झोपलास का?”

नियम फार आहेत, सगळे सांगत नाही. डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर दिसलं पाहिजे. वस्तीच्या घरापासून 150 यार्डांच्या आत तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय शिकार नाही. रविवारी तर इथे जुन्या काळापासून बंदी होती. 2019 च्या कायद्याने तीन रविवार मोकळे झाले, 2025 मध्ये ती बंदीच कायद्यातून काढली. म्हातारा अजूनही रविवारी जात नाही. त्याचा स्वतःचा एक नियम सगळ्यांच्या वर आहे: कुत्रे दिसत असतील तर चाप ओढायचा नाही, ससा पायाशी आला तरी.

ससा सोलताना रबरी हातमोजे लागतात. टुलारेमिया नावाचा जंतुसंसर्ग सशांत असतो. 1911 च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या टुलारे भागात खारींमध्ये तो पहिल्यांदा सापडला, म्हणून ते नाव. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर ससा टाकून द्यायचा. आणि थंडी पडली की गोचीड मेली, असं इथे पुष्कळ जण म्हणतात, ते खरं नाही. लाइम रोग पसरवणारी हरणांवरची गोचीड पानगळीतच जोरात असते, मी स्वतःच्या पोटरीवरून नोव्हेंबरात काढलीये. रानसशाला चरबी नसते, घाईने परतला तर चामडं होतो. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरला पाच शिट्ट्या देतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, “भाकरी केलीस का?” बाकी काही नाही.

एक अपवाद सांगायचा राहिला. इंग्लंडात बीगलांची मोठी टोळी घेऊन, बंदुकीशिवाय, पायी हेअरच्या मागे जायची रीत होती. तिथे वेगाने नव्हे, तासन्‌तास न सोडण्याने हेअर दमायचा आणि कुत्रेच त्याला धरायचे. 2004 च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात फेब्रुवारी 2005 पासून, इंग्लंड-वेल्समध्ये ते बंद झालं. गंमत म्हणजे त्याच कायद्यात रॅबिटला सूट आहे, जमीनमालकाची परवानगी असली तर.

आता तुमचा कुत्रा. तो तुमचं ऐकत नाही असं नाही, त्या क्षणी त्याला तुमचा आवाज पोचतच नाही. हेच नाक अमेरिकेच्या कृषी खात्याने 1984 मध्ये विमानतळावर कामाला लावलं. जाकीट घातलेला बीगल बॅगेपाशी येऊन शांत बसला की आपल्या मावशीने साडीत गुंडाळून आणलेले हापूस गेलेच समजा. पण भारतात त्याला टेकडीवर सुटा सोडू नका, हे मी कळकळीने सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, जनावराचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं, तसा प्रयत्न करणं हेही धरलेलं आहे. टेकडीवर ससा असो की मोर, अडचणीत तुम्ही याल. त्यापेक्षा लांब दोरी घ्या, चिकनचा तुकडा दोऱ्याला बांधून सोसायटीच्या बागेत शंभरेक पावलं वळणावळणाने ओढत न्या, शेवटी तो तुकडा लपवा, आणि वीस मिनिटांनी कुत्रा आणा. घरी येऊन तो निमूट झोपेल, एरवी तासभर चालवूनही झोपत नाही तसा.

आणि सुटलाच कधी, तर शोधत दूर दूर फिरू नका. तीन वर्षांपूर्वी बक हरणामागे गेला. बीगलसाठी हा मोठा गुन्हा, आणि त्याच्या पट्ट्यातल्या जीपीएसची बॅटरी संपलेली. अंधार पडेपर्यंत आम्ही ओरडून घसा बसवला. शेवटी म्हाताऱ्याने अंगातलं जाकीट काढलं, सकाळी बकला जिथे सोडला होता त्याच झाडाखाली पसरलं, बाजूला पाण्याचा वाडगा ठेवला आणि गाडीत जाऊन बसला. मला म्हणाला, घरी चल, तो माग काढत मागे येईलच. मला रात्रभर झोप नाही. पहाटे सहाला गेलो तर जाकिटावर हिम पडलेलं होतं आणि मधोमध, बाहीत नाक खुपसून, बक झोपला होता. तुम्ही टेकडीवर जाताना एक जुना, न धुतलेला शर्ट बरोबर ठेवा.