मॅकआर्थरपाशीच अडकू नकोस
अमेरिकेत लष्करावर मुलकी अंकुश कसा चालतो हे शिकायचं, तर सगळे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आणि कोरिया युद्धातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या वादापासून सुरू करतात. तूही कर. पण ११ एप्रिल १९५१ ला ट्रुमननी केलेली मॅकआर्थरची गच्छंती म्हणजे नुसती दोन अहंकारांची झुंज समजू नकोस. सरकारी धोरणाला छेद देणारं मॅकआर्थरचं पत्र आधी प्रतिनिधिगृहात जाहीर वाचलं गेलं होतं, आणि संयुक्त सेनाप्रमुखांचीही त्याला हटवायला संमती होती. हे लोक हमखास विसरतात!

मग राज्यघटनेकडे वळ. राष्ट्राध्यक्ष सरसेनापती, हे सगळ्यांना पाठ असतं. खरी मेख पैशात आहे. भूदलासाठी दोन वर्षांपुढची तरतूद काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) करताच येत नाही. आणि हो, १९५० मध्ये जनरल मार्शलना संरक्षणमंत्री करण्यासाठी कायद्यात खास सूट का द्यावी लागली, तेही बघ.