पहिल्यांदाच उंदरांवर कॅन्डिडाचा प्रयोग करतेस, तर

अगं, कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी माणसाच्या आतड्यात सहज नांदते, प्रयोगशाळेतल्या उंदराच्या नाही. हे आधी ध्यानात घे. शेपटीच्या शिरेतून दिलेली बुरशी मुख्यतः मूत्रपिंडं पोखरते, म्हणून तिथली वाढ मोजच. जातही जपून निवड: डीबीए/२ जातीच्या उंदरांत सी५ हे जंतूंशी लढायला मदत करणारं प्रथिनच नसतं, ते लवकर दगावतात. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, निम्म्याहून जास्त, उंदराच्या रक्तात बऱ्याच कमी, हेही धरून चाल.

सुई टोचण्याआधी शेपूट कोमट पाण्यात धर, शीर फुगते. बुरशीच्या पेशींचे गठ्ठे मोडून घे, नाहीतर डोस चुकतो. माझी पहिली तुकडी त्यातच वाया गेली. त्या जिवांचं अजून वाईट वाटतं. रोज वजन कर. किती घटलं की थांबायचं, ते नैतिकता समितीच्या अर्जातच लिहून टाक.