चुकचुकणे आणि माकेबांचा ‘टॉक्’

प्रश्न असा आहे : दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम माकेबा यांच्या ‘क्लिक साँग’ या गाण्यात बाटलीचं बूच उडाल्यासारखा जो ‘टॉक्’ आवाज येतो, त्याला मराठीत काय म्हणायचं? आणि या गाण्याचं मूळ नाव, Qongqothwane, देवनागरीत कसं लिहायचं?

हा आवाज आपल्या तोंडात आहे, वर्णमालेत नाही. वाईट बातमी कळली की आपण दातांमागे जीभ लावून ‘च्च्च’ करतो, ते चुकचुकणं. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेने काढतो, तो दुसरा. जीभ टाळूला चिकटवून झटकन खाली ओढली की तिसरा, माकेबांचा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेत ही तिन्ही चक्क व्यंजनं आहेत. रोमन लिपीत त्यांना अनुक्रमे सी, एक्स आणि क्यू ही अक्षरं दिली आहेत. ‘खोसा’ हे नावच टांगेवाल्याच्या आवाजाने सुरू होतं. हे ध्वनी तिच्यात शेजारच्या खोइ आणि सान लोकांच्या भाषांतून आले.

‘चुकचुकणे’ला हळहळ चिकटलेली आहे, म्हणून तो शब्द इथे चालणार नाही. ध्वनीला खुशाल ‘क्लिक’ म्हणावं. गाण्याला मात्र म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. माकेबा स्वतःच श्रोत्यांना सांगत, की हे लग्नातलं गाणं आहे आणि इंग्रजांना त्याचं नाव उच्चारता येत नाही म्हणून ते त्याला ‘क्लिक साँग’ म्हणतात. जोहान्सबर्गमध्ये माकेबा आधी मॅनहॅटन ब्रदर्स या गायकांच्या गटाबरोबर आणि मग स्कायलार्क्स या मुलींच्या गटात गायल्या. अमेरिकन जॅझ तिथे तबकड्यांवरून पोचलेलं होतं आणि तिथल्या गायिकांनी ते आपल्या भाषांमध्ये मुरवलं होतं. 1959 साली माकेबा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात गायल्या आणि 1960 च्या ध्वनिमुद्रिकेत हे गाणं आलं. ज्या देशाचं संगीत ऐकत त्या वाढल्या, त्याच देशाला त्यांनी आपलं लग्नाचं गाणं ऐकवलं, तेही खोसात, एकही क्लिक न गाळता.

गाण्याचं मूळ नाव एका भुंग्याचं आहे. तो पोटाचा भाग जमिनीवर आपटून टकटक करतो, आणि गाण्यात त्याला वाटेचा जाणता, भविष्य सांगणारा म्हटलं आहे. आपल्याकडे पाल चुकचुकली की लोक ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणतात. मनात शंका आली तरी पालच चुकचुकते. छोट्याशा जिवाच्या टकटकीतून पुढचं काही कळतं, ही समजूत दोन्हीकडे आहे याचा मला फार आनंद झाला.

आता लेखन. मी ‘कोंगकोथ्वाने’ लिहीन. ‘थ’ आपल्यासारखाच महाप्राण, त्यामुळे इथे मराठी माणसाची जीभ अडखळू नये. दोन्ही ‘क’ मात्र नुसत्या सोयीचे; तिथे टाळूवरचा क्लिक हवा. या क्लिकला फुप्फुसातली हवा लागत नाही. म्हणूनच दुसऱ्या क्लिकच्या वेळी नाकातला ‘ङ्’ चालू ठेवता येतो आणि ‘टॉक्’ वाजत असतानाही सूर तुटत नाही. आधी तोंड किंचित उघडं ठेवून ‘ङ्ङ्ङ्’ असा सूर धरा, आणि तो न सोडता जीभ टाळूवरून ओढून पाहा.