वर्षाचं धान्य एकाच फेरीत भरावं का?

प्रश्न: आम्ही परभणीत राहतो, घरात पाच माणसं. यजमानांचा पगार ३४,००० रुपये. पाडव्याच्या आधीच्या रविवारी लेकरांना घेऊन शेतकरी बाजारात जायचं आहे. त्याच फेरीत वर्षाचं भरून घ्यावं, असं सासूबाई म्हणतात: गहू दीड क्विंटल, ज्वारी एक क्विंटल, तूरडाळ ४० किलो, शिवाय मिरची, हळद, धने, चिंच. सगळं मिळून १६,००० रुपये. हेच दुकानातून महिन्याला आणलं तर वर्षाला १९,६०० जातात. हातात रोकड नाही. ५०,००० ची एक मुदत ठेव आहे. यजमान म्हणतात, क्रेडिट कार्ड वापरू. काय करावं?

उत्तर: ताई, सासूबाईंचा हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच झाला आहे. ३,६०० च्या फरकातून आधी टेम्पोचे ७०० रुपये वजा करा. चाळताना-निवडताना माती, खडे, काडीकचरा असा किलोमागे २५-३० ग्रॅम माल जातो; अडीच क्विंटल धान्यावर ते अडीचशे रुपये होतात. हाती राहतात २,६०० च्या आसपास. लेकरांचा उसाचा रस आणि खाणं मी यात धरत नाही. तो सहलीचा खर्च आहे, त्याचे हजार रुपये वेगळ्या पाकिटात ठेवा आणि मोकळ्या मनाने खर्च करा.

कार्डाचा विचार मात्र सोडा. शेतकऱ्याकडे कार्डाचं मशीन नसतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तरी ते व्यापारी क्यूआरवरच चालतं, शेतकऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नाही. मग उरतं एटीएममधून कार्डावर रोकड काढणं. तिथे बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं. महिना साडेतीन टक्के व्याज, ५०० रुपये शुल्क आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी धरला, तर १६,००० सहा हप्त्यांत फेडताना साधारण २,९०० रुपये जातात. सगळी बचत संपून वर खिशातले ३०० गेले.

ठेव मोडू नका. तुमच्या घराला दीड महिन्याचाच तो आधार आहे. त्याच ठेवीवर बँकेतून कर्ज घ्या; ठेवीच्या व्याजापेक्षा ते सहसा एक-दोन टक्के जास्त दराने मिळतं. आणि यादी थोडी आखडती घ्या.

गहू दीड क्विंटल राहू द्या, वाळवून ठेवला तर वर्षभर टिकतो. ज्वारी ६० किलोच घ्या, दिवाळीपर्यंतची. पावसाळ्यात ज्वारीला गव्हाच्या आधी सोंडे लागतात, आणि क्विंटलभर ज्वारी दर पंधरा दिवसांनी उपसून बघणं पाच माणसांच्या घरात होत नाही. तूरडाळ ३० किलो. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, तेव्हा जुनी डाळ कोठीत कशाला ठेवायची? यादी १३,२०० वर येते. ९ टक्के व्याजाने कर्ज घेऊन महिन्याला १,६०० भरले, तर नऊ महिन्यांत फिटतं आणि व्याज पाचशेच्या आत राहतं. टेम्पो, घट, व्याज सगळं जाऊन दीड-पावणेदोन हजार वाचतात.

१,६०० हाच आकडा का, तर दुकानात महिन्याला तुमचे तेवढेच जात होते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते आपोआप कर्जखात्यात वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. धान्य भरलेल्या घरात हेच पैसे हॉटेल, कपडे, रिचार्ज यांत कधी विरघळतात ते कळत नाही, आणि मग वर्षाअखेरीला धान्यही संपलेलं आणि कर्जही उभं, अशी गत होते.

आता माल बघण्याविषयी, कारण खरं नुकसान तिथेच होतं. सकाळी सातपर्यंत पोचा. ज्वारीचा दाणा दाढेखाली धरा: कट् आवाज होऊन तुटला तर वाळलेली, चेपला तर ओली. ओल्या मालात तुम्ही पाण्याचे पैसे मोजता आणि पुढे बुरशी घरी आणता. ज्वारीचं वाण मालदांडी आहे की परभणी मोती, हे नुसतं नावावरून मानू नका. किलोभर आधी नेऊन भाकरी थापून बघता आली तर उत्तम. हळद वसमतकडची मिळाली तर हळकुंडंच घ्या, पूड नको. हळकुंड खटकन मोडलं पाहिजे, वाकलं तर आत ओल आहे. मिरची हलवून बघा, बी खुळखुळलं पाहिजे. वजनाआधी काटा शून्यावर आहे का बघा आणि बारदानाचं वजन वजा करायला सांगा. केशर आंब्याचा मोह झाला तरी थांबा, मराठवाड्याचा केशर मे महिन्यात येतो. पालेभाजी तीन दिवसांची. मेथीच्या दहा जुड्या स्वस्तात घेऊन या उन्हात सहा फेकाव्या लागतात.

घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं द्या. पण गरम धान्य कोठीत भरू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो आणि तळाचे चार-पाच किलो जातात. डाळीला एरंडेलाचा हात लावा, गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. कोणी धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या दिल्या तर घेऊ नका. त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो. लेकरांच्या घरात ती गोळी नकोच.

मे महिन्यापासून हप्ते सुरू केले तर जानेवारीत कर्ज फिटेल, नव्या तुरीच्या हंगामात. त्यानंतरचे दोन हप्ते खात्यातच ठेवा. पुढच्या वर्षीच्या ज्वारीला कर्ज काढावं लागणार नाही.