पेंढा, पाणी आणि पहिला हिवाळा

जानेवारीत बर्फाळ देशात राहायला जाताय, मागच्या अंगणात दोन मोकाट मांजरं येतात असं घरमालकाने कळवलंय, आणि उणे वीसमध्ये त्यांचं नि आपलं कसं व्हायचं, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, विमा, करार हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते तिथेच वाचा.

नुसत्या थंडीपेक्षा ओल वाईट. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक कापड हवं. बूट इतके सैल घ्या की जाड मोज्यांतही बोटं हलली पाहिजेत. मुलांचंही तेच. गोठणबिंदूच्या खाली गेलं तरी मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर काढतात, आणि भिजलेले हातमोजे कोणी बदलून देत नाही. हे मला आजही पटत नाही. दप्तरात कोरडी दुसरी जोडी ठेवाच.

मांजरांसाठी अंगणात खोक्याचं छोटं घर करायचं, आणि त्यातही म्हणूनच गोधडी, टॉवेल, जुना स्वेटर टाकायचा नाही. कापड ओलं होतं, मग गोठतं. तिथे पेंढा लागतो, धान्य काढून उरलेल्या पोकळ काड्यांचा. काड्यांत हवा अडकते, पाणी ओघळून जातं, मांजर त्यात खोल शिरून बसतं. जनावरांना घालायचं वाळलं गवत दिसायला तसंच, पण ते ओल धरतं आणि बुरशी येते. पेंढा कोंबू नका, सैल भरा.

घर लहानच हवं. मोठा खोका अंगच्या उबेने तापत नाही. दोन मांजरांना साधारण 60 सेंमी लांब, 40 रुंद, 40 उंच असा झाकणाचा प्लॅस्टिकचा खोका पुरतो. आत तळ, भिंती आणि झाकण, सगळीकडे 2.5 सेंमी जाडीचा थर्माकोल लावा. दार जेमतेम 15 सेंमीचं, तळापासून 8-10 सेंमी वर, लांब बाजूच्या टोकाला. म्हणजे वारा थेट आत येत नाही. कापायचं काम घरातच करा, गारठलेलं प्लॅस्टिक सुरीखाली तडकतं. कापलेल्या कडांवर जाड चिकटपट्टी लावा. खोका विटांवर उचला, झाकणावर वजन ठेवा, दार भिंतीकडे वळवा, मध्ये वीतभर जागा सोडा. बर्फ पडला की आधी हे दार मोकळं करायचं, मग आपला रस्ता. माणसांची शेकायची विजेची गादी आत घालू नका, त्याने भाजतं आणि आगही लागते.

बहुतेकांचं चुकतं ते पाण्यात. सगळीकडे बर्फ असला तरी मांजराला पाणी मिळत नसतं. पसरट ताटलीतलं पाणी लवकर गोठतं, धातूच्या भांड्याला जीभ चिकटते. खोल, जाड प्लॅस्टिकचं गडद भांडं घ्या, कोमट पाणी घाला, दिवसातून दोनदा बदला. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ घालायचं नाही. गाडीतलं अँटिफ्रीझ, म्हणजे इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव, सांडलं तर लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चमचाभरही मांजराचा जीव घेतं. इंजिन चालू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा, उबेसाठी मांजरं आत शिरतात.

खाणं खोक्यात ठेवू नका, नेहमीपेक्षा जास्त द्या, आणि रोज एकाच वेळी. कोरडं खाणं गोठत नाही. कानाचं टोक पांढरट, राखाडी किंवा कडक दिसलं तर चोळू नका. मांजर घरात घ्या, कोरडं करा आणि डॉक्टर गाठा. सुस्त पडलं, थरथरायचंही थांबलं, तर एक मिनिट घालवू नका. एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर ती जखम नव्हे, नसबंदी झाल्याची खूण आहे.

एकटेपणाबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत. चार वाजता अंधार होतो तेव्हा ती ओळ मोठी होते, आणि माझ्याकडे तिच्यावर औषध नाही. ठरल्या वेळी दारापाशी येऊन बसणारं मांजर असलं की संध्याकाळ सरते, इतकं मात्र खरं. पण एकदा खायला घालायला लागलात की मध्येच थांबता येत नाही, हिवाळ्यात तर नाहीच. सुट्टीत गावी जायचं तिकीट काढायच्या आधी शेजारच्या दारावरची घंटा वाजवा आणि विचारा, रोज दोनदा पाणी बदलाल का?